चार माणसांचं कपाट

माझे सासरे वजन किलोत सांगत नाहीत, माणसांत सांगतात. खुर्ची म्हणजे पाव माणूस. शिलाई मशीन एक माणूस. फ्रिज दोन माणसं, आणि तिसरा शिव्या घालायला. एका माणसाला न थांबता तीन मजले उतरवता येईल एवढं ओझं म्हणजे 'एक माणूस'. हे माप त्यांचं आणि त्यांच्या जोडीदाराचं. बाकी जगात ते कोणी वापरत असेल असं मला वाटत नाही. लग्न होऊन मी या घरात आले, त्या दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही बॅगा एकदम उचलून पाहिल्या आणि सासूबाईंना म्हणाले, "दीड माणूस सामान आहे. राहील पोरगी."

राहिले. आठ वर्षं झाली.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तेहतीस वर्षं लोकांची घरं हलवली. गाडीतळावर त्यांना नावानं कोणीच ओळखत नसे. जिन्यातून ओझं उतरवताना वरच्या टोकाला ते, म्हणून ते 'वरचे'. खालच्या टोकाला जोडीदार, म्हणून तो 'खालचे'. सपाट रस्त्यावरही वरचे-खालचेच, आणि चहा प्यायला बसले तरी वरचे-खालचेच. कामाची वाटणी ठरलेली. वरच्यानं बांधायचं, म्हणजे दारं, झाकणं, खण, जे जे सुटू शकतं ते सगळं दोरीनं आवळायचं. आणि खालच्यानं पायऱ्या मोजायच्या, मोठ्यानं, कारण वरच्याला ओझ्यापुढचं काही दिसत नाही. तेहतीस वर्षांत दोघांनी एकमेकांचा चेहरा फारसा पाहिला नसेल. मध्ये कायम कोणाचं तरी कपाट.

आणि कपाटानंच घात केला. सहा वर्षांपूर्वी एका शिंप्याचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावरून उतरवत होते. चार खणांचं लाकडी कपाट, उभं धरलेलं, पाठ बाबांकडे आणि तोंड खाली. बाबांच्या खांद्यावरून पट्टा. अकराव्या पायरीवर एकदम सगळं ओझं खाली गेलं आणि पट्ट्यासकट बाबाही गेले. पाठीचे दोन मणके मोडले. कपाटाच्या फळ्या-फळ्या झाल्या. खालचे मात्र वळणावर भिंतीला टेकून बसलेले, हातपाय धड.

"खालच्यानं सोडलं," असं बाबा शुद्धीवर आल्यावर म्हणाले, आणि पुढची सहा वर्षं तेच म्हणत राहिले. दवाखान्यात म्हणाले, घरी म्हणाले, गाडीतळावरून कोणी भेटायला आलं की पहिलं वाक्य तेच. खालचे पंधरा दिवस रोज दवाखान्यात येत होते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडत. सोळाव्या दिवशी ते आले नाहीत, तर बाबा म्हणाले, "बघा, खाई त्याला खवखवे." तेव्हापासून दोघांत अक्षर नाही. आमच्या घरापासून त्यांचं घर चार गल्ल्या. गाडीतळावर खालच्यांचं नावच पडलं 'सोडणारे'. जिन्याच्या कामाला त्यांना कोणी जोडीला घेईना. पुढची सगळी वर्षं त्यांनी खाली उभं राहून गाडीत सामान लावलं.

हे सगळं मला पाठ होतं. घरात राहायचं तर पाठ व्हावंच लागे.

आता माझं. मी आधी एका कंपनीत दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका शोधायचं काम करायचे. चुका शोधायचा मला मूळचा सोस आहे, असं माझा नवरा म्हणतो; तो दिवसभर बाहेर असतो म्हणून टिकलाय. गेल्या वर्षी ती नोकरी सोडली आणि स्वतःचा गेम करायला घेतला. विषय अर्थातच घरातला. दोन माणसं, एक जिना, एक गाडी, आणि घरभर सामान. सगळं बाजूनं दिसतं, कागदावर काढल्यासारखं सपाट. खेळणाऱ्यानं सामान न फोडता खाली आणायचं आणि गाडीत लावायचं.

पहिले काही महिने सामान म्हणजे नुसती चित्रं होती. मी म्हणेन तिथे जायची, म्हणेन तिथे थांबायची. पण असा गेम खेळायला कोण बसेल? खुर्ची सुटली तर पडली पाहिजे, पडली तर गडगडली पाहिजे. म्हणून मी त्यात फिजिक्स घातलं. म्हणजे काय, तर प्रत्येक वस्तूला सांगायचं की बाई, तुला वजन आहे, तू घसरतेस इतकी, उसळतेस इतकी; आता तुझं तू बघ. मग मी हलवायचं नाही. गुरुत्वाकर्षण चालू करायचं आणि हात बांधून पाहत बसायचं.

ज्या दिवशी चालू केलं, त्या दिवशी बाबा माझ्या मागे उभे होते. माझ्या मागे कोणी उभं राहून पडदा बघितला की माझं डोकं फिरतं. पण पाठीचा पट्टा बांधून त्यांना दर तासाला घरात चकरा मारायला सांगितलंय, आणि घर दोन खोल्यांचं. चक्कर माझ्या टेबलापाशी येऊन अडकायचीच.

मी टेबल जिन्यावरून ढकललं. ते इतक्या सावकाश खाली गेलं की मधल्या वेळात चहा झाला असता.

"हे सगळं पाण्यात चाललंय का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग टेबल आजारी आहे का?"

कारण कळायला मला दोन दिवस लागले. फिजिक्सचा हिशेब करणारा प्रोग्राम, म्हणजे इंजिन, मीटरमध्ये मोजतं, आणि मी त्याला पडद्यावरचे ठिपके मोजून दिले होते. माझं टेबल त्याच्या लेखी शंभर मीटर उंच होतं. एवढं टेबल पडायला वेळ घेणारच. मी आकडे खाली आणले आणि टेबल धाडकन पडलं. बाबांनी मागून टाळी वाजवली. मला राग आला, आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीच ओढून घेतली. मी गाडीत शिलाई मशीन ठेवलं, त्यावर गादी टाकली. गादीखाली मशीन थडथडायला लागलं आणि गाडीच्या फळीतून आरपार निघून गेलं.

"अगं, कापसाची गादी आहे ती!" बाबा ओरडले. "तिनं मशीन चेपलं?"

ही माझी चूक नव्हती. म्हणजे होती, पण सगळे करतात. वजन मी द्यायचं विसरले, की इंजिन चित्राच्या आकारावरून स्वतःच ठरवतं. गादी मोठी, म्हणून जड. मशीन छोटं, म्हणून हलकं. तेहतीस वर्षं गादी एका बगलेत मारून जिना उतरलेल्या माणसापुढे हे घडलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला माझी डिग्री परत करावीशी वाटली.

"लिही," ते म्हणाले. "मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. गादी पाव माणूस, पण जिन्यात अर्धा, कारण वाकते. आरसा पाव माणूस आणि अख्खा जीव. पुस्तकांचं खोकं दीड माणूस, "लोक दिसायला लहान खोकं घेतात आणि आत डोंगर भरतात." लोखंडी कॉट दोन. चार खणांचं लाकडी कपाट अडीच माणसं. दोघांनी नीट धरलं तर जातं. मी एक माणूस म्हणजे पस्तीस किलो धरून सगळी यादी भरली आणि गेम चालू केला. खरं सांगते, अंगावर काटा आला. तेच चित्र, तेच रंग, पण आता कपाट कपाटासारखं वागत होतं. खोकं पायरीवर आपटलं तर आपल्याच पावलाला लागल्यासारखं वाटे.

माणूस बदलला हो. सहा वर्षं जे खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांत सामान कसं चुकीचं लावलंय यावर बोलत होते, ते सकाळी माझ्या आधी टेबलाशी हजर. सासूबाई म्हणायला लागल्या, "आता तुम्हीच जा नोकरीला दोघं, मी घरी आराम करते."

त्याच सासूबाईंनी एका दुपारी बाजारातून आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आत बातमी दिली. "खालचे भावजी निघालेत. लेकीकडे, कायमचे. घर रिकामं करतायत. एकोणतीस तारखेला गाडी."

बाबा पडद्याकडेच बघत होते. "जाऊ दे."

"अहो, परत यायचे नाहीत ते. वय काय आहे त्यांचं? जाऊन भेटून या."

"आधी त्यानं कबूल करावं. एकदा म्हणावं, माझा हात सुटला. माझं काही म्हणणं नाही, हात कोणाचाही सुटतो. पण म्हणावं ना!"

"सहा वर्षं म्हणाले नाहीत, ते अकरा दिवसांत म्हणणार आहेत?"

"मग मीही जाणार नाही."

सासूबाई पिशवीतली भाजी अशी आपटायला लागल्या, की भाजीलाही फिजिक्स आहे हे मला पटलं. स्वयंपाकघरातून त्या मला खालच्या आवाजात म्हणाल्या, "हा माणूस रोज झोपेत पायऱ्या मोजतो. खालच्यांच्या आवाजात. तुला ऐकू येत नाही, मला येतं. ते गेले ना, की हे मनातल्या मनात कुजतील." त्यांचे डोळे भरले होते. मी कांदे चिरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "तो जिना कर."

"कुठला?"

"शिंप्याचा. सगळं सांगतो. हे यंत्र खोटं बोलत नाही ना? मग दाखवू त्याला. जाण्याआधी डोळ्यांनी बघू दे."

मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण जे कानात सांगू तेच मोठ्यानं बोलतं. हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत. पण त्यांचा चेहरा बघून मी जिना केला. पायरीची उंची त्यांनी वीत लावून सांगितली. अकरावी पायरी थोडी झिजलेली होती, तीही केली. वर एक माणूस, खांद्यावरून पट्टा. खाली एक माणूस, दोन्ही हातांनी धरलेला. माझ्या गेममध्ये हात म्हणजे एक जोड असतो. किती ताण आला की सुटायचा, हे मी आकड्यानं ठरवते.

"कपाट किती माणसं?" मी विचारलं.

"चार."

मी चार घातले. खालच्या माणसाचे हात पक्के ठेवले आणि चालवलं. दोघं डुलत डुलत जिना उतरले, कपाट सुखरूप. मग बाबांच्या सांगण्यावरून अकराव्या पायरीवर खालच्याचे हात सोडले. कपाट खाली गेलं, पट्ट्यानं वरचा माणूस ओढला गेला, तोंडावर आपटला.

"बघ!" बाबा उठून उभे राहिले, पाठीला झटका बसला तरी त्यांना कळलं नाही. "बघ! धरलं तर काही होत नाही. सोडलं तरच होतं. अगं, ऐकलंस का, इकडे ये! तुझ्या भावजींचा पराक्रम बघ!"

सासूबाई आल्या, पदराला हात पुसत पडद्यावर पडलेलं छोटं माणूस बघितलं आणि म्हणाल्या, "चित्रातसुद्धा पाडलंत का स्वतःला?" आणि परत गेल्या.

बाबांनी त्या दिवशी तीन वेळा जेवण मागितलं म्हणा ना, इतके खुशीत. रविवारी लॅपटॉप घेऊन खालच्यांकडे जायचं ठरलंसुद्धा. मी 'हो' म्हटलं आणि मला ते 'हो' गिळता येईना. एखादा माणूस गाव सोडून चाललाय, आणि आपण त्याच्या दारात पुरावा घेऊन जायचं? मला स्वतःचीच चीड आली होती.

चीड आली की मी याद्या तपासते. शनिवारी सकाळी वजनांची यादी उघडून बसले आणि एकाच चित्रापुढे दोन आकडे दिसले. चार खणांचं लाकडी कपाट, अडीच. चार खणांचं लाकडी कपाट, चार. मी चूक सुधारायला गेले आणि हात थांबला.

"बाबा, शिंप्याचं कपाट म्हणजे वेगळं लाकूड होतं का?"

"छे. तसलंच. सगळ्यांकडे असतं ते."

"मग ते अडीच आणि हे चार कसं?"

"त्या दिवशी चार लागत होतं. माझ्या खांद्याला विचार. पहिल्याच पायरीला मी म्हटलं, आज हे चार माणसांचं झालंय."

"वरची दीड माणसं कुठून आली?"

बाबांचा हात खांद्यावर, पट्ट्याच्या जागी गेला.

"खणांत काही होतं?" मी विचारलं.

"रिकामे होते. शिंपी म्हणाला, रिकामे केलेत."

"तुम्ही उघडून बघितले?"

"पाचवं घर होतं त्या दिवसाचं. दोरी खाली गाडीत राहिली होती. रिकामे खण आहेत, बांधायचे कशाला, म्हटलं." हे ते मला सांगत नव्हते. मध्येच थांबले आणि म्हणाले, "सुटे कर ते खण."

माझ्या गेममध्ये तोवर खण नुसते रंगवलेले होते. कपाट म्हणजे एक ठोकळा. मी चारही खण वेगळे केले, कपाटात सरकवले, आत-बाहेर घसरतील असे ठेवले, आणि चारांत मिळून दीड माणूस भरलं. कपाट अडीच. एकूण चार. खालच्या माणसाचे हात पक्केच ठेवले, सुटणारच नाहीत इतके. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते.

चालवलं. पहिल्या दहा पायऱ्या काही झालं नाही. अकराव्या, झिजलेल्या पायरीवर कपाट थोडं पुढे कललं. सगळ्यात वरचा खण सरकला, मागोमाग बाकीचे. ओझं एकदम पुढे गेलं आणि खणांनी खालच्या माणसाला छातीवर ढकललं. त्याचे हात सुटले नाहीत. मी सुटूच दिले नव्हते. तो कपाट धरूनच पायरीवरून मागे गेला.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

पुन्हा तेच.

"खालच्याला घट्ट कर."

"बाबा, त्याच्यापेक्षा घट्ट करता येत नाही."

"जोर वाढव त्याचा. दोन माणसांचा कर."

केला. मग तिघांचा केला. माणूस तो तोच, मारुतीसारखा जोर, आणि तरी दर वेळी मागे जात होता, कपाट धरून. नऊ वेळा चालवलं. दहाव्यांदा बाबा म्हणाले, "आता बांध." मी खण कपाटाला बांधले. एका ओळीचं काम. दोघं डुलत डुलत खाली उतरून गाडीपाशी गेले.

बाबा पाठीचा पट्टा सोडून आत जाऊन पडले. मी सासूबाईंना सांगितलं. त्या दाराशी गेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता परत आल्या. संध्याकाळी बाबा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"सहा वर्षं मी त्याला चारचौघांत सोडणारा म्हणत होतो," ते म्हणाले. "बांधायचं काम माझं होतं."

"उद्या जायचंच आहे आपल्याला," सासूबाई म्हणाल्या.

"कोणत्या तोंडानं?"

"याच. दुसरं कुठे आहे?"

रविवार म्हणजे अठ्ठावीस तारीख. चार गल्ल्या बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत गेले, आणि दर गल्लीला म्हणाले, "परत जाऊ या." मी लॅपटॉप काखेत मारून पुढे ओढत होते. खालच्यांच्या घराचं दार सताड उघडं. आत खोकीच खोकी. गाडीतळावरचे दोन गडी, बाबांच्याच वेळचे, भांड्यांवर कागद गुंडाळत होते. त्यांनी बाबांना बघितलं आणि त्यांचे हात थांबले. खालचे काका एका खोक्यावर बसून दोरीची गाठ मारत होते. बुटके, रुंद, डोक्यावर केस नाहीत. मी त्यांना सहा वर्षांनी बघत होते.

"ये," ते म्हणाले. एवढंच. जणू काल भेटले होते.

बाबांनी मलाच खूण केली. मी आपली खोक्यावर लॅपटॉप ठेवून बडबड सुरू केली, काका, मी गेम करते, बाबा मदत करतात, हा एक जिना आहे, बघा ना. इतकी भंगार प्रस्तावना मी नोकरीच्या मुलाखतीतही केली नव्हती. काकांनी खिशातून चष्मा काढून लावला. मी चालवलं.

पडद्यावर दोघं उतरायला लागले. काकांचे ओठ हलत होते. चार, पाच, सहा. अकराव्या पायरीवर कपाट कललं, खण सरकले, खालचा माणूस कपाट धरून मागे गेला.

काका पुढे वाकले. "छान केलंयस गं," ते म्हणाले. मग काचेवर बोट ठेवलं. "फक्त हा आधी नाही. तिसरा. आधी तिसरा सुटला, वरचा मागनं आला. तिसऱ्यात इस्त्र्या होत्या."

मला कळायला क्षणभर लागलं. बाबांना माझ्या आधी कळलं.

"तुला माहीत होतं?"

"समोर मीच होतो की. तुझ्याकडे पाठ होती कपाटाची, माझ्याकडे खण." काकांनी आपल्या छातीवर हात ठेवला. "दोन बरगड्या गेल्या इथल्या."

"आणि बोलला नाहीस?"

"तुझे मणके गेलेले. माझ्या बरगड्यांचं कोण विचारतंय?"

"चेष्टा करू नकोस रे!" बाबांचा आवाज चिरकला. "मी तुझं नाव घालवलं. सगळ्यांना सांगत सुटलो. एकदा म्हणायचंस ना, तू बांधलं नाहीस म्हणून!"

काका चष्मा पुसायला लागले. "डॉक्टर म्हणत होते, उठेल की नाही सांगता येत नाही. तू तर भिंतीकडे तोंड करून मेल्यासारखा पडायचास. फक्त माझ्यावर चिडलास की मान वळायची. म्हटलं, चिडू दे. या रागानं तरी उठेल. उठल्यावर सांगू." ते जरा थांबले. "तू उठलास, तर बोलेनास. मग राहिलं ते."

बाबा ज्या हातानं माझा खांदा धरून आले होते, तो सोडून एकटेच दोन पावलं पुढे गेले. त्या दोन गड्यांसमोर उभे राहिले. पाठ सरळ होत नाही त्यांची, पण जितकी झाली तितकी केली.

"ऐका रे," ते म्हणाले. "यानं सोडलं नव्हतं. खण मी बांधले नव्हते. तळावर जाऊन सगळ्यांना सांगा. मी पण येऊन सांगतो. वरच्यानं बांधलं नव्हतं."

गड्यांपैकी एकानं हातातलं भांडं अलगद खाली ठेवलं. दुसऱ्यानं नुसती मान हलवली. काका मान खाली घालून बसले होते, आणि त्यांचे रुंद खांदे हलत होते. सहा वर्षं ते कोणासमोर रडले नसतील. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि तिथेच राहावंसंही वाटलं.

बाबा कण्हत कण्हत त्यांच्या शेजारी खोक्यावर बसले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. सवयच नव्हती.

"सहा वर्षं लावलीस की रे," काका म्हणाले. "आणि मी उद्या निघालो."

"किती वाजता गाडी?"

"आठ."

"मग मी पहाटे पाचला येतो, बांधायला," बाबा म्हणाले.